‘फॉरेनर’ नेमका कोण? स्टारक्राफ्टच्या जागतिक स्पर्धेची पार्श्वभूमी

फिनलंडमध्ये स्वतःच्या खोलीत बसून खेळणारा फिनिश मुलगा स्टारक्राफ्ट या कॉम्प्युटरवरच्या युद्धाच्या गेमच्या जगात ‘फॉरेनर’ असतो. टेक्सासमध्ये खेळणारा टेक्सासचा माणूसही फॉरेनर. फ्रेंच, चिनी, मेक्सिकन, सगळे फॉरेनर. कोरियन तेवढा फॉरेनर नाही, मग तो सोलमध्ये असो की स्टॉकहोममध्ये. समालोचक, खेळाडू, प्रेक्षक हा शब्द वर्षानुवर्षं बिनदिक्कत वापरत आलेत, आणि ज्यांना तो लागू होतो तेही स्वतःला तेच म्हणवून घेतात. जागतिक स्पर्धेत कुणी कुठल्या प्रदेशातून खेळायचं, या नियमांवरून २०१५-१६ मध्ये जे रण माजलं, त्याचं मूळ या शब्दात आहे. नियम वाचण्याआधी शब्द वाचावा लागतो.

मूळ स्टारक्राफ्ट ३१ मार्च १९९८ रोजी आला. ‘ड्यून २’, पहिला वॉरक्राफ्ट, ‘कमांड अँड कॉन्कर’ हे त्याच जातीचे गेम त्याआधी होऊन गेले होते, पण त्यांतल्या कशालाही कोरिया मिळाला नाही. कोरियात १९९७ च्या आर्थिक संकटातून देश सावरत होता, ब्रॉडबँड झपाट्याने पसरत होतं आणि गल्लोगल्ली तासावर कॉम्प्युटर देणारी ‘पीसी बांग’ उघडत होती. २००० पर्यंत फक्त गेमचे सामने दाखवणारी टीव्ही वाहिनी सुरू झाली. २००४ मध्ये बुसानच्या समुद्रकिनाऱ्यावर सांघिक लीगची अंतिम लढत झाली तेव्हा लाखभर माणूस जमल्याचं सांगितलं गेलं. आकडा थोडा फुगवलेला धरला तरी गर्दी गर्दीच होती.

बाहेरून काही मोजके खेळाडू तिकडे राहायला गेले. त्यातल्या एका कॅनडियनने २००० मध्ये कोरियातली टीव्ही लीग चक्क जिंकली. अशांना तिथल्या टीव्हीवर परदेशी म्हणणं साहजिक होतं, कारण तिथे ते परदेशीच होते. गंमत पुढची आहे. तो शब्द विमानात बसून त्यांच्याबरोबर परत आला आणि त्यांच्याच घरी त्यांना चिकटला. कोण कुठे राहतो, याच्याशी त्याचा संबंध उरला नाही. ‘कोरियन नसलेला’ एवढाच त्याचा अर्थ राहिला, आणि त्यात ‘म्हणजे जरा कमी प्रतीचा’ हेही न बोलता आलंच.

याला पुरावाही होता. ई-स्पोर्ट्सचं ऑलिम्पिक म्हणवली जाणारी वर्ल्ड सायबर गेम्स २००१ पासून भरू लागली आणि २००४ पासून तिचा मुक्काम सॅन फ्रान्सिस्को, सिंगापूर, मोंझा, सिअ‍ॅटल, कोलोन, चेंगडू असा फिरत राहिला. देशोदेशीच्या निवड-फेऱ्या, छातीवर झेंडा, गळ्यात पदक असा सगळा थाट. २००१ ते २०१० अशी सलग दहा वर्षं मूळ स्टारक्राफ्टचं सुवर्ण कोरियाबाहेर गेलं नाही. त्याच स्पर्धेत वॉरक्राफ्ट ३ चं सुवर्ण चीन, नॉर्वे, नेदरलँड्स असं हातोहात फिरत होतं. म्हणजे कोरियन माणूस जन्मतः वेगळा नव्हता. फरक टीव्हीचा होता, पगारी संघांचा होता, एका घरात दहा-बारा पोरांना ठेवून दिवसभर सराव करून घेणाऱ्या प्रशिक्षकांचा होता.

आणि एक गोष्ट जी नंतरच्या भांडणात कुणी उगाळली नाही: त्या स्पर्धेत प्रत्येक देशाच्या जागा ठरलेल्या असत. तिथे कोरियाचे तीसजण कधीच उतरू शकले नसते. जगातला तिसावा क्रमांक कोरियन असला तरी तो घरी बसायचा आणि त्याच्याहून कच्चा खेळाडू दुसऱ्या देशाचा झेंडा लावून मैदानात यायचा. याला तेव्हा कुणी अन्याय म्हटलं नाही. झेंडा असला की कोटा चालतो.

आता सर्व्हरकडे वळतो, कारण पुढचा सगळा घोळ सर्व्हरमधून निघाला.

मूळ स्टारक्राफ्ट लॅनवर, म्हणजे इंटरनेटशिवाय कॉम्प्युटर थेट एकमेकांना जोडून, खेळता येई. दोन कॉम्प्युटर, मध्ये एक केबल, झाला सामना. गेम बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीला विचारायची तांत्रिक गरजच नव्हती, आणि कोरियात तिला फारसं विचारलंही गेलं नाही. २००७ मध्ये तिथल्या ई-स्पोर्ट्स संघटनेने लीगच्या प्रक्षेपणाचे हक्क विकले, तेव्हा मुळात विकायचा हक्क कुणाचा, हा प्रश्न पेटला. तो २०१० मध्ये कोर्टात गेला आणि २०११ च्या मे महिन्यात तडजोडीवर मिटला. पण कंपनीने धडा आधीच घेतला होता. जुलै २०१० मध्ये आलेल्या स्टारक्राफ्ट २ मध्ये लॅन नव्हतंच. समोरासमोर बसलेल्या दोन खेळाडूंचा सामनाही कंपनीच्या सर्व्हरवरूनच जाणार.

याची फळं प्रेक्षकांनी भोगली. हजारोंनी भरलेला हॉल, विसाव्या मिनिटाला ऐन चढाई चाललेली, आणि पडद्यावर अचानक ‘कनेक्शन तुटलं’. खेळाडू हेडफोन काढून पंचाकडे बघतोय, पंच कुणाकडे तरी बघतोय, आणि प्रेक्षक एका सुरात लॅन मागतायत. मोडलेला सामना रेकॉर्डिंगवरून त्याच क्षणापासून पुढे सुरू करायची सोय मार्च २०१३ मधल्या पुरवणी आवृत्तीत आली, तेव्हा कुठे तो त्रास कमी झाला.

पण सर्व्हरने आणखी एक काम गुपचूप केलं होतं. त्याने जगाचे तुकडे पाडले होते: अमेरिका, युरोप, कोरिया. नकाशा राजकारण्यांनी नव्हे, केबलने आखला होता. आणि २०१३ च्या एप्रिलमध्ये कंपनीने स्वतःची वर्षभराची जागतिक मालिका जाहीर केली ती नेमकी याच नकाशावर. तीन प्रदेश, तीन लीग, हंगामाअखेर एकत्र लढती आणि वर्षाअखेर सोळाजणांची अंतिम फेरी. कुणीही कुठलाही एक प्रदेश निवडावा. अट अशी काहीच नाही.

इथेच चूक झाली, असं मी तेव्हाही म्हणत होतो. ‘प्रदेश’ या शब्दाचे दोन अर्थ एकाच कागदावर आले होते. नियम लिहिणाऱ्याच्या मनात प्रदेश म्हणजे सर्व्हर. जाहिरात करणाऱ्याच्या आणि बघणाऱ्याच्या मनात प्रदेश म्हणजे माणसं. सोलमधल्या खेळाडूने हिशेब केला: आपल्या लीगमध्ये बत्तीस जागांसाठी जीवघेणी गर्दी, अमेरिकेच्या लीगमध्ये त्याहून बरी संधी, आणि गुण दोन्हीकडे सारखेच. बरेच जण तिकडे गेले. म्हणजे प्रत्यक्षात गेले नाहीतच. सुरुवातीच्या फेऱ्या ऑनलाइन होत्या, त्यामुळे कित्येक जण कोरियात बसूनच अमेरिकेच्या सर्व्हरवर खेळले. हा गेम खेळलेल्यांना त्याची किंमत कळेल. बेनलिंगचा, म्हणजे फुटून आम्ल उडवणाऱ्या किड्यांचा, लोंढा अंगावर येतोय, तुमच्या मरीन सैनिकांची टोळी चुटकीसरशी चार दिशांना फोडायची आहे, आणि तुमचा आदेश प्रशांत महासागर ओलांडून पोचेपर्यंत निम्मी टोळी हिरव्या चिखलात गेलेली. तरीही ते जिंकत होते. २०१३ मध्ये अमेरिका आणि युरोप मिळून सहा हंगाम झाले. सहाही विजेते कोरियन.

वर्षाअखेरच्या सोळांत एकच फॉरेनर होता, स्वीडनचा. २०१४ मध्ये शून्य. ‘जागतिक’ अंतिम फेरीत सोळाच्या सोळा कोरियन. खेळाच्या दर्जाच्या दृष्टीने ते दोन्ही वर्षांचे सामने अप्रतिम होते, हे सांगितलंच पाहिजे. पण पहाटेपर्यंत जागून बघणाऱ्या युरोपातल्या आणि अमेरिकेतल्या माणसाला स्वतःच्या लीगमध्ये ओळखीचं नाव दिसेनासं झालं. प्रायोजक तिथले, प्रेक्षक तिथले, बक्षीस मात्र पहिल्या विमानाने परत.

मग आलं ते ‘रीजन लॉक’, म्हणजे प्रदेशाचं कुलूप. २०१५ च्या हंगामासाठी नियम असा की ज्या प्रदेशातून खेळायचं, तिथला नागरिक किंवा कायदेशीर रहिवासी असल्याचं दाखवावं लागेल. शिक्षणाचा व्हिसा चालेल, पर्यटकाचा नाही. गेमच्या नियमावलीत व्हिसाचे प्रकार येणं ही तेव्हा थट्टेची गोष्ट होती, पण त्यात तथ्य होतं. अमेरिका खेळाडूंना जो पी-१ व्हिसा देते, तो एका कोरियन स्टारक्राफ्ट खेळाडूला २०१३ च्या अखेरीसच मिळाला होता. दुसरा एक जण टेक्सासच्या विद्यापीठात रीतसर शिकत होता आणि खेळत होता. हे दोघे नियमात बसले. ‘कोरियनांना बंदी’ असं जे म्हटलं जाई, ते शब्दशः खरं नव्हतं. बंदी कोरियनांना नव्हती, कोरियातून परस्पर खेळणाऱ्यांना होती.

तरी २०१५ मध्ये अंतिम सोळांत पुन्हा एकच फॉरेनर पोचला. तेव्हा २०१६ साठी कुलूप आणखी घट्ट झालं. कोरियाची एक मालिका, बाकी जगाचं एक सर्किट, आणि अंतिम फेरीच्या जागा सरळ निम्म्यानिम्म्या: आठ इकडून, आठ तिकडून. इथून पुढे भांडण रहिवासाचं राहिलं नाही, लायकीचं झालं. कोरियात नववा आलेला घरी, आणि ज्याला तो डोळे मिटून हरवेल असा माणूस जागतिक अंतिम फेरीत. विरोधकांचा दुसरा मुद्दा मला जास्त टोचतो: कोरियातल्या लीगचं दार पुढेही बाहेरच्यांना उघडंच होतं. कॅनडाची एक खेळाडू तिथे जाऊन खेळलीही. म्हणजे दार एकाच बाजूने लागायचं. ज्या कोरियन खेळाडूंची गुजराण युरोप-अमेरिकेतल्या मधल्या फळीच्या स्पर्धांवर चालायची, त्यांच्या पोटावर पाय आला, आणि त्यांची बाजू इंग्रजीतून मांडणारं फारसं कुणी नव्हतं.

कुलूप लावणाऱ्यांचं म्हणणं साधं होतं: पहिल्या फेरीतच जगज्जेता समोर आला तर सतरा वर्षांचा पोरगा दुसऱ्यांदा कशाला येईल? त्याला हरायला नव्हे, थोडं जिंकायलाही मिळालं पाहिजे. मला हे पटतं. फक्त त्याला ‘रहिवास’ म्हणण्याऐवजी सरळ कोटा म्हणायला हवं होतं. झेंड्याखाली जे वर्ल्ड सायबर गेम्समध्ये दशकभर मुकाट चाललं, तेच व्हिसाच्या भाषेत लिहिल्यावर लोकांना झोंबलं.

निकाल दिसू लागले. २०१६ मध्ये एका अमेरिकी खेळाडूने कोरियात जाऊन स्पर्धा जिंकली. त्या कॅनडियननंतर सोळा वर्षांनी. २०१७ मध्ये मेक्सिकोचा एक जण जागतिक उपांत्य फेरीपर्यंत गेला. आणि ३ नोव्हेंबर २०१८ रोजी अ‍ॅनाहाइममध्ये फिनलंडच्या खेळाडूने अंतिम लढत ४-२ अशी जिंकली. पहिला बिगर-कोरियन विजेता, बक्षीस २,८०,००० डॉलर. मूळ स्टारक्राफ्ट बाजारात आला त्याच महिन्यात त्याचा जन्म. त्या वर्षी लाइप्झिग, ऑस्टिन, व्हॅलेन्सिया, माँट्रियल हे सर्किटचे चारही थांबे त्यानेच जिंकले होते.

रीजन लॉकचे समर्थक तेव्हापासून हाच दाखला देतात. मी इथे थोडा अडखळतो. कारण कुलपाच्या त्याच वर्षांत दुसरं टोकही खचत होतं. २०१० मध्ये कोरियात सामनानिश्चितीचं प्रकरण निघून अकरा जणांना कायमचं बाहेर काढलं होतं. २०१५-१६ मध्ये पुन्हा तेच, आणि या वेळी अडकलेल्यांत २०१४ चा जागतिक विजेताच. ऑक्टोबर २०१६ मध्ये चौदा वर्षं चाललेली सांघिक लीग बंद झाली आणि सातपैकी पाच संघ विसर्जित झाले. पगार गेले, सरावाची घरं गेली, नवी पोरं दुसऱ्या गेमकडे वळली. उरलेल्यांपुढे सक्तीची लष्करी सेवा होतीच. एक बाजू वर आली की दुसरी खाली गेली, हे २०१८ च्या एका निकालावरून सांगता येत नाही. शिवाय त्या फिनिश खेळाडूने ऑगस्टमध्ये सोलमध्ये जाऊन तिथली निवडक कोरियन आणि फॉरेनर खेळाडूंची स्पर्धाही जिंकली होती. त्याला कुलपाची गरज होती का, हा प्रश्न त्याच्यापुरता तरी निकालात निघाला.

पुढचा काळ घाईचा आहे. २०२० मध्ये कंपनीने मालिका बाहेरच्या आयोजकाकडे सोपवली आणि जागतिक विजेतेपद पोलंडमधल्या काटोवित्सेला गेलं. पहिल्याच वर्षी साथीमुळे प्रेक्षकांना मनाई झाली आणि लढती रिकाम्या खुर्च्यांसमोर झाल्या. २०२१ मध्ये इटलीचा खेळाडू जिंकला, २०२२ मध्ये पुन्हा फिनलंडचा.

२०२३ ची गोष्ट मात्र थांबून सांगण्यासारखी आहे, कारण तिथे सर्व्हर परत आला. कंपनीचा चीनमधल्या भागीदाराशी करार संपला आणि २४ जानेवारीला चीनमधले सर्व्हर बंद झाले. चिनी खेळाडूंच्या पायाखालचा ‘प्रदेश’च नाहीसा झाला. त्यानंतर तीन आठवडे उलटायच्या आत काटोवित्सेत एका चिनी खेळाडूने अंतिम लढतीत टेरन, म्हणजे गेममधली माणसांची सेना, घेऊन खेळणाऱ्या कोरियाच्या सर्वांत भरवशाच्या खेळाडूला ४-१ असं हरवलं. ज्याला जेतेपदाच्या यादीत कुणी धरलं नव्हतं, तो जगज्जेता झाला, आणि त्याच्या देशात तो गेम अधिकृतपणे चालूच नव्हता.

२०२४ च्या उन्हाळ्यात रियाधमध्ये सात लाख डॉलर बक्षिसांची स्पर्धा झाली. अंतिम लढत फ्रान्स विरुद्ध फिनलंड, निकाल ५-० फ्रान्सच्या बाजूने. मंचावर दोन खेळाडू, दोघेही फॉरेनर. पुढच्या वर्षी तिथेच फिनिश खेळाडूसमोर लष्करी सेवा आटोपून परतलेला एक कोरियन अंतिम फेरीत आला आणि हरला. तिथे परदेशी तर दोघेही होते, पण शब्द अजून एकालाच लागतो.