मुद्रित हायड्रोजेल रोपण
कर्करोगाची गाठ काढल्यावर उरणाऱ्या पोकळीत किंवा गाठीलगत ठेवण्यासाठी त्रिमितीय मुद्रणाने घडवलेला, औषध भरलेले नॅनोकण (मिलिमीटरच्या दशलक्षांश मापात मोजले जाणारे कण) आपल्यात सामावणारा मऊ, पाणीदार तुकडा म्हणजे मुद्रित हायड्रोजेल रोपण होय. औषध रक्तावाटे सर्वांगात न फिरवता रोगाच्या जागीच काही दिवस ते काही आठवडे झिरपत ठेवणे, हा त्याचा हेतू आहे. ही पद्धती अजून मुख्यतः प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवरील चाचण्यांत आहे.

शिरेतून दिलेली केमोथेरपी गाठीपर्यंत पोहोचते तशी ती अस्थिमज्जा, आतडे आणि केसांची मुळे येथेही पोहोचते. डॉक्सोरुबिसिनसारखे प्रभावी औषध हृदयाच्या स्नायूला इजा करते, म्हणून त्याच्या आयुष्यभराच्या एकूण मात्रेवरच मर्यादा घालावी लागते. नॅनोकणांमुळे हा प्रश्न सुटेल अशी आशा होती. अर्बुदातील (कर्करोगाच्या गाठीतील) रक्तवाहिन्या गळक्या असल्याने मोठे रेणू तेथे साठून राहतात, हे मात्सुमुरा आणि माएदा या जपानी संशोधकांनी १९८६ मध्ये दाखवले होते. परंतु दहा वर्षांतील संशोधनाचा आढावा २०१६ मध्ये घेण्यात आला, तेव्हा शिरेतून दिलेल्या नॅनोकणांपैकी अर्बुदात पोहोचणाऱ्यांचे मध्यक (क्रमाने मांडल्यास मधोमध येणारे) प्रमाण अवघे ०.७ टक्का आढळले. उरलेल्यांतील मोठा वाटा यकृत आणि प्लीहा अडवून धरतात. कण थेट जागेवर नेऊन ठेवण्याच्या कल्पनेला बळ मिळाले ते यामुळेच.

या कल्पनेचा पूर्वज म्हणजे मेंदूच्या अर्बुदासाठी वापरली जाणारी ‘ग्लियाडेल’ ही चकती. प्रत्येक चकतीत ७.७ मिलिग्रॅम कारमुस्टीन हे कर्करोगविरोधी औषध असते आणि शस्त्रक्रियेनंतरच्या पोकळीत अशा कमाल आठ चकत्या ठेवतात. अमेरिकेत तिला १९९६ मध्ये मान्यता मिळाली. पुढे २४० रुग्णांवरील एका चाचणीत, चकती बसवलेल्यांचे शस्त्रक्रियेनंतरचे मध्यक आयुष्य १३.९ महिने, तर औषधविरहित चकती बसवलेल्यांचे ११.६ महिने भरले. हा लाभ खरा असला तरी तोकडा आहे. चकती ताठ असल्याने वेड्यावाकड्या पोकळीला ती नीट चिकटून बसत नाही, आणि औषध आजूबाजूच्या ऊतींत काही मिलिमीटरच शिरते. मुद्रित रोपणाकडून पहिल्या उणिवेवर उपाय होईल अशी रास्त अपेक्षा आहे. दुसरी उणीव विसरणाचीच (रेणू आपोआप पसरत जाण्याच्या क्रियेचीच) मर्यादा असल्याने ती केवळ आकार बदलून जाणार नाही.

हायड्रोजेल म्हणजे पाणी धरून ठेवणारे बहुवारिकांचे (पॉलिमरच्या लांब साखळी-रेणूंचे) जाळे. मऊ कॉन्टॅक्ट लेन्समुळे ते सर्वपरिचित झाले. या जाळ्याची छिद्रे साधारणतः ५ ते १०० नॅनोमीटर असतात, तर केमोथेरपीच्या औषधांचे रेणू जेमतेम एकदोन नॅनोमीटरचे. त्यामुळे नुसते औषध जेलमध्ये मिसळले, तर पहिल्या काही तासांतच त्याचा बराचसा भाग एकदम निघून जातो. तेच औषध शंभर-दीडशे नॅनोमीटरच्या बहुवारिक कणांत किंवा लायपोसोममध्ये (मेदाच्या सूक्ष्म पोकळ गोळ्यांत) भरले, तर कण जाळ्यात अडकून पडतात आणि औषधाला आधी कणातून व मग जेलमधून असे दोन टप्पे ओलांडावे लागतात. संपूर्ण तंत्राचा गाभा हाच आहे. मुद्रणाची करामत डोळ्यांत भरते खरी, पण ती या मूळ रचनेला पूरक आहे.

रुग्णाच्या सीटी किंवा एमआरआय प्रतिमांवरून पोकळीचा आकार ठरवून, अल्जिनेट (समुद्री शेवाळापासून मिळणारे बहुवारिक) किंवा मेथॅक्रिलेट हा रासायनिक गट जोडलेले जिलेटिन यांसारखा ‘जैवशाईचा’ द्राव बारीक नळीतून थरावर थर असा सोडला जातो. अल्जिनेट कॅल्शियमच्या द्रावणात घट्ट होते, तर मेथॅक्रिलेटयुक्त जिलेटिन प्रकाशाने. नॅनोकण या कामात अडथळाही आणतात. त्यांचे पुंजके झाले तर नळी तुंबते, आणि सोन्याचे कण प्रकाश शोषून घेत असल्याने प्रत्येक थराचा तळभाग अर्धवट घट्ट राहू शकतो. छापलेल्या तंतूंमधील अंतर वाढवले की पृष्ठफळ वाढून औषध लवकर सुटते, म्हणजे औषधाचा वेग काही अंशी भूमितीनेच ठरवता येतो.

कण केवळ औषध वाहण्यापुरतेच नसतात. सोन्याच्या सूक्ष्म दांड्या अवरक्तलगतच्या प्रकाशाने, तर लोह-ऑक्साइडचे कण प्रत्यावर्ती (दिशा सतत पालटणाऱ्या) चुंबकीय क्षेत्राने तापतात. त्या उष्णतेने पेशी दुबळ्या होतात आणि औषधही अधिक सुटते. मात्र असा प्रकाश शरीरात फार खोल जात नाही, त्यामुळे खोलवरच्या अवयवांसाठी चुंबकीय मार्ग अधिक सोयीचा ठरतो.

दूर पसरलेल्या कर्करोगावर असे रोपण एकट्याने पुरे पडत नाही. त्याचा उपयोग शस्त्रक्रियेच्या कडेला उरलेल्या पेशींपुरता आहे. निर्जंतुकीकरणही सोपे नाही, कारण १२१ अंश सेल्सियसच्या वाफेत जिलेटिनचे जेल टिकत नाही आणि गॅमा किरणांनी जाळ्याची वीण बदलते. याहून अवघड प्रश्न तपासणीचा आहे. एका खेपेत बनलेल्या गोळ्यांतून चार गोळ्या काढून त्या विरघळवून पाहता येतात; एकाच रुग्णासाठी एकदाच छापलेला तुकडा तपासण्यासाठी विरघळवला तर बसवायला काही उरत नाही. त्रिमितीय मुद्रणाने बनवलेल्या पहिल्या गोळीला अमेरिकेत २०१५ मध्ये, आणि मूत्रमार्गाच्या वरच्या भागातील कर्करोगासाठी मायटोमायसिन हे औषध धरून ठेवणाऱ्या जेलला २०२० मध्ये मान्यता मिळाली. पण ही दोन्ही उत्पादने ठरलेल्या साच्याने, मोठ्या प्रमाणावर बनतात. प्रत्येक रुग्णागणिक बदलणाऱ्या रोपणासाठी शाई, यंत्र आणि छपाईची प्रक्रिया यांचीच आधी प्रमाणित चाचणी करून घेण्याचा मार्ग त्यामुळे पुढे येत आहे.