एसटीचा मोफत प्रवास आणि पीएमपीचा पास: ज्येष्ठांचं घोडं नेमकं कुठे अडतं

गाडी चालवणं सोडलं की पुण्यातल्या ज्येष्ठांना गावी जायला एसटी आणि शहरात फिरायला पीएमपी, असा सरकारी बसचा आधार उरतो. दोन्हींची सवलत वेगळी आहे. स्वारगेटला दोन्ही बस हाकेच्या अंतरावर, सासवडला दोन्ही जातात, म्हणून गल्लत होते. पंच्याहत्तरीनंतरचा मोफत प्रवास फक्त एसटीत आहे, पीएमपीत नाही.

एसटीची 'अमृत ज्येष्ठ नागरिक' योजना ऑगस्ट २०२२ पासून आहे. ७५ पूर्ण झालेल्यांना तिकीट माफ, ६५ ते ७५ वयाला अर्धं. इथे 'पूर्ण' या शब्दावर सगळं अडतं. आपल्याकडे "आईला पंच्याहत्तरावं लागलं" म्हणतात तेव्हा तिची ७४ च झालेली असतात. त्या वर्षी अर्धं तिकीटच पडणार. वाढदिवस तिथीने नव्हे, ओळखपत्रावरच्या तारखेने मोजा.

दुसरी अडचण आधारची. बऱ्याच जुन्या आधार कार्डांवर तारीख नसते, नुसतं जन्मवर्ष असतं. ज्या वर्षी ७५ पूर्ण होतात, त्या वर्षी कंडक्टरने काय समजायचं? बसमध्ये वाद घालून म्हाताऱ्या माणसाला घाम फुटतो, बाकी काही होत नाही. योजना आली तेव्हा आधारबरोबर पॅन, मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, वाहन परवाना हेही पुरावे ठरले होते. ज्यावर पूर्ण तारीख आहे ते ओळखपत्र जवळ ठेवा. परवान्याची मुदत मात्र बघा. गाडी सोडल्यावर तो नूतनीकरणाविना पडून राहतो.

आधारवर तारीख घालून घ्यायची तर आधार केंद्रात जावं लागतं. जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलून मिळते, तेव्हा घाईत चुकीचा कागद जोडू नका. आजींच्या बाबतीत शाळेचा दाखला माहेरच्या नावाचा आणि आधार सासरच्या नावाचा असतो. दोन्ही नावं जोडणारा पुरावा आधी शोधा, नाहीतर हेलपाटा ठरलेला. ऐंशीच्या माणसाला अशा हेलपाट्याला लावणं बरं नव्हे, म्हणून मुलांनीच आधी चौकशी करून यावी.

तिकीट माफ असलं तरी कंडक्टरकडून शून्य रुपयांचं तिकीट घ्यायचंच. सोबत येणाऱ्याला स्वतःचं तिकीट पडतं. सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच आहे. बेळगावला निघालात तर हद्दीपुढचे पैसे सुटे ठेवा. बाई ६५ ते ७५ वयाची असेल तर महिलांची अर्धी सवलत आणि ज्येष्ठांची अर्धी मिळून तिकीट फुकट होत नाही, अर्धंच राहतं.

पीएमपीचा सवलतीचा मासिक पास ६० पूर्ण झालेल्यांना मिळतो. पास केंद्रावर आधार आणि फोटो घेऊन जायचं. इथेही नुसत्या जन्मवर्षाचं आधार असेल तर तारखेचं दुसरं ओळखपत्र पिशवीत असू द्या, मूळ प्रत, झेरॉक्स नव्हे.