स्वच्छ मार्कअप

स्वच्छ मार्कअप : वेबपानातला प्रत्येक भाग काय आहे हे सांगणारे टॅग (कोनी कंसांत लिहिलेल्या खुणा) लावण्याची, आणि ते पुढच्या माणसाला सहज वाचता येतील असे लिहिण्याची पद्धत. पान ब्राउझरमध्ये ठीक दिसले म्हणजे मार्कअप स्वच्छ, असे नाही. ब्राउझर फार सोशिक; उघडा राहिलेला टॅग तो मुकाट्याने मिटवून घेतो आणि चूक झाकली जाते.

वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांच्या १९९१ च्या एचटीएमएल (वेबपाने लिहिण्याची भाषा) वर्णनात जेमतेम १८ टॅग होते. पुढे रंग-आकार सांगणारे ‘फाँट’सारखे टॅग शिरले. १९९६ मध्ये पानाचे रूप ठरवणारी सीएसएस ही वेगळी भाषा आल्यावर ते काम तिच्याकडे गेले, तरी जुनी खोड पुष्कळ दिवस टिकली.

सांगलीच्या मार्केट यार्डातील राजापुरी हळदीच्या दरांचे पान घेऊ. किमान, कमाल आणि सरासरी दर, क्विंटलमागे : हे खरेखुरे कोष्टक आहे, म्हणून ‘टेबल’ टॅग इथे शोभतो. रकान्यांच्या शीर्षकांना ‘टीएच’, कोष्टकाच्या नावाला ‘कॅप्शन’, सौद्याच्या तारखेला ‘टाइम’. एवढे केले की स्क्रीन रीडर (पडद्यावरचे वाचून दाखवणारी आज्ञावली) वापरणाऱ्याला नुसता आकडा ऐकू येत नाही, तो कमाल दर आहे हेही कळते. लोगो डावीकडे बसवण्यासाठी तोच ‘टेबल’ वापरणे मात्र चूक. त्याहून वाईट म्हणजे दराच्या फळ्याचा फोटो चढवून त्याचे शब्दांतले वर्णन, म्हणजे ‘ऑल्ट’, रिकामे सोडणे. मग तो दर शोधूनही सापडत नाही. क्लासला, म्हणजे रूप ठरवण्यासाठी भागाला दिलेल्या नावाला, ‘पिवळी-पट्टी’ऐवजी ‘दर-सूचना’ म्हणावे, कारण पट्टी उद्या हिरवी होईल. (हळदीच्या पानावर पिवळ्याचा मोह आवरत नाही, हेही खरे.)

मराठी पानाची गरज थोडी वेगळी आहे. ‘एचटीएमएल’ टॅगवर भाषा सांगणाऱ्या ‘लँग’ची किंमत ‘एमआर’ (मराठीचा संकेत) लिहावी. देवनागरी हिंदीचीही लिपी असल्याने नुसत्या अक्षरांवरून भाषा ठरत नाही. स्क्रीन रीडरचा हिंदी आवाज ‘चार’ आणि ‘चमचा’ यांतला च सारखाच उच्चारतो. फाँटमध्ये सोय असेल तर ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणेही याच खुणेवरून निवडली जातात. यूटीएफ-८ (अक्षरे साठवण्याची युनिकोड पद्धत) ची घोषणा पानाच्या पहिल्या १०२४ बाइटांत यावी लागते. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटात टंकलेला मजकूर आत रोमन अक्षरेच असतो; भोवती कितीही नेटके टॅग लावा, तो फाँट नसलेल्या संगणकावर अगम्य चिन्हेच उमटतात.

बाकीचे शिस्तीचे : टॅग रोमनच्या लहान अक्षरांत (स्मॉल लेटर्स), आतल्या ओळी दोन जागा सरकवून, मथळ्यांची पातळी अक्षराच्या आकारावरून न निवडता विषयाच्या क्रमाने. वर्डमधून उचललेली वळणदार अवतरणचिन्हे अ‍ॅट्रिब्यूटच्या (टॅगमधल्या ‘लँग’सारख्या जादा माहितीच्या) किमतीभोवती आली की तो बिघडतो, आणि ही चूक नजरेला चटकन दिसत नाही.

व्हॅलिडेटर (मार्कअप तपासणारी आज्ञावली) व्याकरण तपासतो, अर्थ नाही. दराच्या रकान्यावर ‘आवक’ असे शीर्षक पडले तरी त्याच्या लेखी पान निर्दोष असते.