काजळीवर होणाऱ्या वायूंच्या अभिक्रिया

डिझेल, कोळसा, लाकूड, टायर, काहीही अर्धवट जळलं की काजळी उडते आणि हवेतले वायू तिच्या कणांवर बसून तिथेच बदलतात, त्या बदलांना काजळीवरच्या अभिक्रिया म्हणतात. काजळीचा सुटा गोळा जेमतेम १० ते ५० नॅनोमीटरचा, पण असे कितीतरी गोळे चिकटून वेड्यावाकड्या माळा होतात आणि डिझेलच्या ग्रॅमभर काजळीला साधारण १०० चौरस मीटर पृष्ठभाग मिळतो. एवढ्या जागेवर बरंच काही घडतं.

नागपुरात ४४ आणि ५३ नंबरचे हायवे एकमेकांना छेदतात, ट्रक रात्रभर चालू असतात, वर डिसेंबर-जानेवारीत जमिनीलगतची गार हवा वर जात नाही म्हणून धूर खालीच साचून राहतो. या धुरातला नायट्रोजन डायऑक्साइड ताज्या काजळीवर बसला की थोड्या ओलाव्यात त्याचं नायट्रस ॲसिड होतं, रात्रभर ते हवेत जमतं आणि सकाळी ऊन पडलं की फुटून हायड्रॉक्सिल रॅडिकल (कशाशीही पटकन अभिक्रिया करणारा रेणूचा तुकडा) सोडतं, जे पुढे ओझोन आणि धुरकं तयार करायला हातभार लावतं. मात्र अंधारात काजळीचा पृष्ठभाग लवकर थकतो, म्हणजे त्याच्यावरची अभिक्रिया मंदावते, म्हणून फक्त काजळीवर सगळं खापर फोडता येत नाही. उन्हात तोच पृष्ठभाग पुन्हा जोमाने काम करतो, हे प्रयोगांत दिसलंय, आणि मला वाटतं या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

रात्री डायनायट्रोजन पेंटॉक्साइड या नायट्रोजनच्याच दुसऱ्या ऑक्साइडपासून काजळीवर नायट्रिक ॲसिडही बनतं, पण हे पेंटॉक्साइड थंडीतच टिकतं, नागपूरच्या मे महिन्यात ते गरमीनेच मोडून जातं. कोराडी-खापरखेड्यासारख्या कोळशाच्या वीजकेंद्रांतून निघतो तो सल्फर डायऑक्साइड, त्याचं काजळीवर सल्फेट होतं हे तिहोमिर नोवाकोव या शास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्येच दाखवलं होतं.

ओझोनचं काम वेगळं. तो सुरुवातीला झपाट्याने शोषला जातो, मग वेग एकदम पडतो, पण तेवढ्यात पृष्ठभाग ऑक्सिडाइझ होतो, म्हणजे त्याला ऑक्सिजन जोडला जातो. घरी काजळ धरतात तशी दिव्यावर ताटली धरून बघा, ताज्या थरावर पाण्याचा थेंब न पसरता गोळी होऊन घरंगळतो. हवेत चार दिवस राहिलेली काजळी मात्र पाणी धरायला लागते, सल्फेट-नायट्रेटचा लेप बसून माळ आखडते, ढगाच्या थेंबात शिरते आणि पावसाबरोबर खाली येते. लेप बसलेला कण ऊनही जास्त शोषतो.

काजळीवर बेंझोपायरीनसारखी कॅन्सर करणारी संयुगं असतात, नायट्रोजन डायऑक्साइडमुळे त्यांची नायट्रो रूपं होतात आणि त्यातली काही मूळ संयुगापेक्षा घातक असतात. म्हणून पीएम २.५ चं, म्हणजे हवेतल्या २.५ मायक्रोमीटरपर्यंतच्या बारीक कणांचं, नुसतं वजन मोजून भागत नाही, कण ताजा आहे की जुना हेही बघायला हवं, आणि ज्या शहरात १९५८ पासून नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आहे तिथल्या लोकांना तर हे माहीत असायलाच पाहिजे.