चार्टर ओक

अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड शहरात १८५६ पर्यंत उभा असलेला एक पांढरा ओक. ‘चार्टर’ म्हणजे सनद. राजाने दिलेली सनद राजाच्याच माणसापासून वाचवण्यासाठी या झाडाच्या ढोलीत दडवली, अशी आख्यायिका आहे. नाव त्यावरून पडले.

गोरे वसाहतवाले आले तेव्हाच झाड जुने होते. ही जमीन विलिस कुटुंबाकडे आल्यावर तिथली झाडी तोडायला सुरुवात झाली, तेव्हा स्थानिक आदिवासींनी येऊन एवढे एक झाड राखा म्हणून विनवले, असे सांगतात. या ओकची कोवळी पालवी उंदराच्या कानाएवढी झाली की मक्याचे बी जमिनीत टाकायचे, हा त्यांचा वाडवडिलांपासूनचा आडाखा होता. मृगाकडे डोळे लावून पेरणी करणाऱ्यांना तो सहज उमजेल.

सनद १६६२ ची, कनेक्टिकट इंग्लंडची वसाहत असतानाची. वसाहतीचा गव्हर्नर धाकटा जॉन विन्थ्रॉप याने ती इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्याकडून मिळवली. गव्हर्नर वसाहतीनेच निवडायचा आणि पश्चिमेची हद्द थेट पॅसिफिक महासागरापर्यंत, इतकी ती सढळ होती. पुढे गादीवर आलेल्या दुसऱ्या जेम्सने न्यू इंग्लंडमधल्या वसाहती एकत्र करून त्यांवर सर एडमंड अँड्रॉसला गव्हर्नर नेमले. ऑक्टोबर १६८७ च्या अखेरीस अँड्रॉस सनद ताब्यात घ्यायला हार्टफर्डला आला. वाटाघाटी लांबत गेल्या, अंधार पडला. सनद मेजावर मांडलेली होती. एकाएकी मेणबत्त्या विझल्या, आणि पुन्हा पेटवल्या तेव्हा मेज रिकामे. कॅप्टन जोसेफ वॅड्सवर्थने ती पळवून ओकच्या ढोलीत ठेवली होती, असे कथा सांगते.

कागदपत्रे मात्र झाडाबद्दल गप्प आहेत. वसाहतीच्या सभेने १७१५ मध्ये ‘सनदेची दुसरी प्रत’ सांभाळल्याबद्दल वॅड्सवर्थला २० शिलिंग दिले. त्या ठरावात ओकचे नाव नाही. सनदेच्या दोन प्रती होत्या, हे मेणबत्त्यांची गोष्ट रंगवताना बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. शिवाय सनद हाती न लागताही अँड्रॉसने कारभार घेतलाच. वसाहतीच्या दप्तरात त्या नोंदीखाली ‘समाप्त’ या अर्थाचा लॅटिन शब्द लिहिलेला आहे. सनदेचा खरा उपयोग झाला तो १६८९ मध्ये. इंग्लंडमध्ये जेम्सचे राज्य गेले, बॉस्टनमध्ये अँड्रॉस कैद झाला आणि कनेक्टिकटने रीतसर कधीच न सोडलेल्या सनदेवर जुना कारभार पुन्हा सुरू केला. १८१८ मध्ये नवी राज्यघटना येईपर्यंत तो तिच्याच आधाराने चालला.

२१ ऑगस्ट १८५६ रोजी मध्यरात्र उलटल्यावर वादळात ओक कोसळला. एखादा मोठा माणूस जावा तसा गावाने शोक केला: सॅम्युएल कोल्टच्या बंदूक कारखान्याच्या बँडने शोकधून वाजवली, संध्याकाळी चर्चच्या घंटा वाजल्या. मग लाकडाच्या वस्तूंचे पेव फुटले. खुर्च्या झाल्या, चौकटी झाल्या, पिस्तुलाच्या मुठीही झाल्या. पुढे हार्टफर्डकर झालेल्या मार्क ट्वेनने या लाकडाच्या वस्तूंची लांबलचक यादी देऊन वर टोला हाणला होता, की हार्टफर्डपासून सॉल्ट लेक सिटीपर्यंत फळ्यांचा रस्ता होईल इतका चार्टर ओक त्याला दाखवण्यात आला.

पांढरा ओक हा आता कनेक्टिकटचा राज्यवृक्ष आहे. १९३५ च्या स्मारक अर्ध्या डॉलरवर आणि १९९९ च्या पाव डॉलरच्या नाण्यावर हेच झाड आहे; पाव डॉलरवर ते पर्णहीन फांद्या पसरून उभे आहे.