मराठी ख्रिस्ती कुटुंबातला नाताळ

नाताळ म्हणजे प्रभू येशू ख्रिस्ताच्या जन्माचा सण, तारीख २५ डिसेंबर, एवढं सगळ्यांनाच माहीत असतं, पण महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती घरात तो एका दिवसात उरकत नाही, नोव्हेंबर संपता संपता त्याची तयारी लागते आणि जानेवारीचा पहिला आठवडा उलटेपर्यंत घरात त्याचं वातावरण राहतं. बाहेरच्या माणसाला यातलं केक, झाड आणि चांदणी दिसते. घरात मात्र उपासना आणि फराळ दोन्ही एकाच वेळी चालू असतं, त्यात मुख्य कुठलं आणि जोडीचं कुठलं असा हिशोब कोणी करत नाही, आणि मला वाटतं या सणाची सगळी गोडी तिथेच आहे.

मराठी बोलणारे ख्रिस्ती म्हणजे काही एकच समाज नाही. वसई, उत्तन, मुंबईची गावठाणं इथे कॅथलिक कुटुंबं, त्यात सामवेदी म्हणजे कुपारी आहेत, वाडवळ आहेत, कोळी आहेत, ईस्ट इंडियन म्हणवणारे मुंबई परिसरातले मूळचे कॅथलिक आहेत. वसई १५३४ साली पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ ला चिमाजी अप्पांनी ती जिंकली, त्यानंतर पोर्तुगीज धर्मगुरू निघून गेले पण इथल्या मातीतल्या धर्मगुरूंनी आणि कुटुंबांनी श्रद्धा टिकवली, ती आजपर्यंत. दुसरीकडे अहमदनगर (आता अहिल्यानगर), जालना, सोलापूर, पुणे आणि मराठवाड्यातली गावं इथे प्रोटेस्टंट मंडळ्या, म्हणजे चर्चचे समुदाय, जास्त. अमेरिकन मराठी मिशनचं काम मुंबईत १८१३ ला आणि नगरला १८३१ ला सुरू झालं, पुढे १९७० मध्ये नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली आणि यातल्या बऱ्याच मंडळ्या तिच्यात आल्या. त्यामुळे वसईच्या घरात तुम्हाला फादर, मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), रोजरी (जपमाळेची प्रार्थना) हे शब्द ऐकू येतील आणि नगरच्या घरात पाळकसाहेब (धर्मगुरू), भक्ती (उपासना), मंडळी. दोन्हीकडे नाताळ तोच, पण घरातला सूर थोडा वेगळा.

आगमन काळ

नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमन काळ. चर्चमध्ये वेदीजवळ हिरव्या पानांचं चक्र ठेवतात, त्यात चार मेणबत्त्या, कॅथलिकांकडे तीन जांभळ्या आणि एक गुलाबी, दर रविवारी एक एक वाढत जाते. गुलाबी तिसऱ्या रविवारची, कारण तो आनंदाचा रविवार मानतात. या दिवसांत फादर जांभळा झगा घालतात आणि मिस्सेत ‘ग्लोरिया’ म्हणजे गौरवगीत गात नाहीत, ते राखून ठेवलेलं असतं नाताळच्या रात्रीसाठी. काही घरांत असंच छोटं चक्र जेवणाच्या टेबलावर पण असतं आणि मेणबत्ती कोणी लावायची यावरून पोरांची भांडणं होतात, मग आई पाळी लावून देते.

ही तयारी मनाची आहे हे घरातली मोठी माणसं मुलांना सांगत बसत नाहीत, करायला लावतात. संध्याकाळची प्रार्थना एरवी कोणी चुकवत असेल तरी डिसेंबरात सगळे बसतात, वसईकडे रोजरी, गोव्यात तिला तेर्स म्हणतात, प्रोटेस्टंट घरात बायबलचा पाठ, एक गीत आणि मग ज्याला जे सुचेल ती प्रार्थना. १६ ते २४ डिसेंबर नोवेना म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना असते. चर्चमध्ये कन्फेशनला, म्हणजे फादरांजवळ पापांची कबुली द्यायला, रांगा लागतात. वर्षभर ज्या भावाशी किंवा जावेशी बोलणं बंद आहे तिच्याकडे जाऊन यायचं, हे पण याच दिवसांत, आणि माझ्या मते अख्ख्या सणातलं सगळ्यात अवघड काम हेच आहे. लहान मुलांसाठी एक छान पद्धत आहे, गव्हाण रिकामी ठेवायची आणि मुलाने काही चांगलं काम केलं, आजीला पाणी दिलं, बहिणीला खेळणं दिलं, की त्याने त्यात गवताची एक काडी टाकायची, म्हणजे नाताळपर्यंत बाळ येशूसाठी मऊ बिछाना तयार होतो. प्रवचन न देता मुलांना आगमन काळ कळतो तो असा.

गोठा आणि चांदणी

येशूचा जन्म बेथलेहेमात झाला, उतारशाळेत जागा मिळाली नाही म्हणून मरियेने बाळाला गव्हाणीत निजवलं, ही लूकच्या शुभवर्तमानातली हकीकत, मेंढपाळ पण त्यातच येतात. पूर्वेकडचे ज्ञानी लोक आणि तारा मत्तयच्या शुभवर्तमानात आहेत. घराघरात जो गोठा मांडतात त्यात या दोन्ही हकीकती एकत्र येतात. असा देखावा करायची चाल इटलीतल्या ग्रेच्चो गावी असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली घातली, तिथे त्याने खरा बैल, खरं गाढव आणि गवत आणून नाताळची मिस्सा करवली होती.

आपल्याकडचा गोठा आपल्या मातीचा असतो. भाताचा पेंढा, बांबू, गोणपाट, मातीची टेकडी, विहीर, नारळाच्या झावळ्यांचं छप्पर. कोकणपट्टीत आणि गोव्यात आठ-दहा दिवस आधी नाचणी पेरतात म्हणजे २४ तारखेपर्यंत हिरवीगार लव उगवते आणि तीच गोठ्यासमोरची कुरणं. वसईच्या गावांत तरुण पोरं रात्री रात्री जागून मोठे गोठे उभारतात, ते बघायला लोक एका गावातून दुसऱ्या गावात फिरतात, स्पर्धा पण असतात. मूर्ती पिढ्यानपिढ्या जपलेल्या, एखाद्या मेंढराचा पाय तुटलेला असतो पण ते फेकत नाहीत. आणि एक नियम सगळे पाळतात, बाळ येशूची मूर्ती आधी ठेवायची नाही. गोठा पूर्ण असतो, मरिया आणि योसेफ वाट बघतायत, गव्हाण रिकामी. बाळ येतं ते २४ च्या रात्री, बऱ्याचदा घरातल्या सगळ्यात धाकट्याच्या हाताने.

चांदणी म्हणजे दिवाळीच्या आकाशकंदिलाची सख्खी बहीणच, बांबूच्या कामट्या आणि पतंगाचा कागद. आता प्लास्टिकच्या आणि एलईडीच्या तयार मिळतात, पण ज्या घरात बाप आणि मुलं मिळून कामट्या तासतात, खळ शिजवतात, त्या घरातली चांदणी थोडी वाकडी असली तरी मला तीच आवडते.

स्वयंपाकघर

नाताळचा फराळ आठवडाभर आधी सुरू होतो. नगर, जालना, पुणे या भागात करंज्या, शंकरपाळे, चकल्या, चिवडा, बेसनाचे लाडू असा फराळ असतो, म्हणजे दिवाळीला शेजारच्या घरातून जे ताट आलं होतं त्याच जातीचं ताट नाताळला परत जातं. मुंबई-वसईच्या किनाऱ्यावर आणि गोव्यात त्यात आणखी भर पडते ती कलकलांची. मैदा, अंडं, नारळाचं दूध घालून मळलेल्या पिठाची बोराएवढी गोळी काट्याच्या चमच्यावर नाहीतर स्वच्छ नव्या कंगव्यावर दाबून गुंडाळायची, तळायची, साखरेच्या पाकातून काढायची. हे काम एकट्याने होत नाही, म्हणून सगळं घर टेबलाभोवती बसतं, आत्या-मावश्या येतात, हात चालू आणि तोंड पण चालू, आणि मध्येच कोणी नाताळचं गाणं धरतं की बाकीचे साथ देतात. बरं, गोव्यात डोदोल आणि बेबिंका ही गोड पक्वान्नं, आणि पेरूचं चीज म्हणजे पेरूची वडी सगळीकडेच.

केकचा सुका मेवा बरेच जण आधीपासून रममध्ये भिजत घालतात, काही घरांत दारू चालत नाही तिथे संत्र्याच्या रसात. घरोघरी ओव्हन नव्हते तेव्हा डब्यात केकचं मिश्रण भरून बेकरीत भाजायला न्यायचे आणि डबा अदलाबदल होऊ नये म्हणून त्यावर नाव लिहायचे, अजूनही काही जण तसं करतात. शेजारी अंडं खात नसतील तर त्यांच्यासाठी बिनअंड्याचा एक केक वेगळा निघतो.

ईस्ट इंडियन घरात फुगे, म्हणजे तळलेले गोल पाव, हवेतच. मैदा, अंडी, नारळाचं दूध, आंबवायला पूर्वी ताडी असायची, आता यीस्ट, आणि सैलसर पीठ मुठीतून दाबून गरम तेलात सोडलं की ते गोल टम्म फुगतं. त्याच्यासोबत सोरपोतेल किंवा इंद्याळ, म्हणजे मांसाचे आंबट-तिखट रस्से. या स्वयंपाकाचा जीव म्हणजे बाटली मसाला, तो मात्र डिसेंबरात करत नाहीत, एप्रिल-मेच्या उन्हात मिरच्या वाळवून, कुटून, गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरून ठेवलेला असतो, म्हणजे एका अर्थी नाताळची तयारी उन्हाळ्यातच झालेली असते.

गाणी

नाताळ गाण्याशिवाय होत नाही. येशूजन्माची कथा मराठी वळणाने सांगायची परंपरा चारशे वर्षांची आहे, १५७९ ला गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्तपुराण ओवीत रचलं, ते १६१६ ला गोव्यातल्या राचोलला छापलं गेलं, आणि त्यातल्या ओव्या भाविक चर्चमध्ये गायचे. नगरकडे एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती कीर्तन उभं राहिलं, आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांनी (१८६१–१९१९) अभंग, भजन, पदं अशी रचना केली की ती आजही मराठी उपासनेत कायम गातात. टिळकांचा बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती होण्याचा पाण्याचा विधी, १८९५ चा. पेटी, तबला, टाळ घेऊन बसलेली मंडळी येशूजन्माचं भजन गाते तेव्हा ते कुठून आयात केलेलं वाटतच नाही, आपलंच वाटतं.

जोडीला कॅरल म्हणजे नाताळची गाणी असतातच. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून तरुणांचा ग्रुप गिटार, ढोलक, कुठे कुठे तर नुसत्या टाळ्या घेऊन घरोघरी जातो, एक सांताक्लॉज झालेला असतो, दोन गाणी, एक वचन, घरासाठी प्रार्थना, मग चहा आणि शंकरपाळे. रात्रीचे बारा वाजले तरी शेवटचं घर जागं असतं कारण आजारी माणसाच्या घरी गेल्याशिवाय ग्रुप परतत नाही. जमा झालेले पैसे बरेचदा गरजू कुटुंबांना कपडे-शिधा द्यायला किंवा चर्चच्या कामाला जातात.

रात्र आणि दिवस

२४ च्या रात्री वसईतल्या चर्चची पटांगणं भरून जातात, थंडी असते, बायका शाली घेऊन, आज्या लाल लुगडं नेसून पहिल्या रांगेत. पूर्वी मध्यरात्रीलाच मिस्सा व्हायची, आता लाऊडस्पीकरच्या वेळेच्या नियमांमुळे बऱ्याच ठिकाणी ती लवकर सुरू करतात. राखून ठेवलेलं ग्लोरिया सुरू झालं की घंटा वाजायला लागतात आणि इतक्या आठवड्यांची वाट बघणं संपतं. मिस्सा संपली की ओळखीचा-अनोळखी सगळ्यांना हात मिळवायचा, मिठी मारायची, लहानांनी मोठ्यांचे आशीर्वाद घ्यायचे, गोव्यात यालाच बेसांव मागणं म्हणतात. प्रोटेस्टंट मंडळ्यांत मुख्य भक्ती २५ च्या सकाळी, त्याआधी एखाद्या संध्याकाळी संडे स्कूलच्या मुलांचं जन्माचं नाटक, त्यात मेंढपाळाचा फेटा अगदी आपल्या धनगराचा असतो आणि ते मला फार योग्य वाटतं.

दुपारी सगळं घराणं एकत्र जेवतं, जेवणाआधी घरातला ज्येष्ठ प्रार्थना करतो आणि त्यात यंदा आपल्यात नसलेल्यांची नावं घेतो. ज्या घरात वर्षभरात कोणी गेलं असेल तिथे बरेचदा फराळ करत नाहीत, चांदणी लावत नाहीत, मग शेजारपाजारची ख्रिस्ती घरं आणि बाकीचे शेजारीपण त्यांच्याकडे ताटं घेऊन जातात, त्यांच्याजवळ बसतात. त्या घरात गाणी नसली तरी सण असतोच, कारण देव माणसांत राहायला आला हीच तर नाताळची बातमी, आणि दुःखातल्या घराला ती इतरांपेक्षा जास्त लागते. संध्याकाळी फराळाची ताटं बाहेर पडतात, गोव्यात या वाटपाला कोन्सुआदा म्हणतात, आपल्याकडे क्रोशाच्या रुमालाने झाकलेलं ताट म्हटलं की पुरे.

नवीन लग्न झालेल्या मुलीचा पहिला नाताळ, परदेशी गेलेल्या मुलाचा पहिला नाताळ, हे वेगळेच. वसईची किती मुलं जहाजावर, आखातात, कॅनडात, ऑस्ट्रेलियात आहेत, ती व्हिडिओ कॉलवर घरच्या प्रार्थनेत येतात आणि आई फोन गोठ्यासमोर धरून बाळाची मूर्ती ठेवताना दाखवते, कोणी डिसेंबरच्या सुरुवातीलाच कुरियरने करंज्या पाठवतं.

पुढचे दिवस

२८ डिसेंबरला हेरोद राजाने मारलेल्या निष्पाप बालकांचा स्मरणदिन येतो, नाताळनंतरच्या रविवारी पवित्र कुटुंबाचा सण, त्या दिवशी काही चर्चमध्ये नवरा-बायको लग्नाच्या शपथा पुन्हा म्हणतात. ३१ च्या रात्री सरत्या वर्षाचे आभार मानायला भक्ती, प्रोटेस्टंटांकडे तिला वॉच नाइट म्हणतात, आणि त्या रात्री लोक उभं राहून वर्षभरात देवाने काय काय सांभाळलं ते सांगतात, नोकरी, ऑपरेशन, पोरीची परीक्षा. मग तीन राजांचा, म्हणजे त्या पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांचा सण, ६ जानेवारी किंवा त्याच्या जवळचा रविवार, गोव्यात रेइश मागुश आणि चांदोर या गावी तीन मुलगे राजे बनून मिरवणुकीने येतात. घरातल्या गोठ्यात इतके दिवस लांब कोपऱ्यात ठेवलेले राजे त्या दिवशी बाळापाशी सरकवतात. येशूच्या बाप्तिस्म्याच्या सणाला हा काळ संपतो, मग गोठा सोडवून मूर्ती कागदात गुंडाळून पेटीत, आणि उरलेली कलकलं पोरांच्या शाळेच्या डब्यात.