घासायला सोपे म्हणून गोल

नाशिकला कॉलेज रोडच्या कुठल्याही चष्म्याच्या दुकानात नंबरचा कागद पुढे केला की हल्ली एक प्रश्न हमखास येतो : ‘साधी काच टाकू की एस्फेरिक?’ दुकानदार दोन काचा शेजारी ठेवतो. एक फुगीर, दुसरी चपटी. भावातला फरकही सांगतो. एस्फेरिक म्हणजे ज्याचा पृष्ठभाग गोलाचा तुकडा नाही असे भिंग. ते कसे नाही एवढेच नावात आहे.

खरे तर उलटे विचारायला हवे : चष्म्याची काच मुळात गोलाचा तुकडा का होती? आपला डोळा तर तसा नाही. डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, मध्यभागी सुमारे ७.८ मिमी त्रिज्येचा असतो आणि कडेकडे चपटा होत जातो. भिंगात गोलाई आली ती घासणाऱ्याच्या हातातून. दोन पृष्ठभाग मध्ये पूड घालून सगळ्या दिशांनी एकमेकांवर फिरवत राहिले, तर शेवटी एक खोलगट आणि एक फुगीर गोल उरतो; कसेही फिरवा, सगळीकडे टेकून बसेल असा बाक तेवढाच. अंबड-सातपूरला लॅपिंगवर (अशाच घासकामावर) हात काळे केलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको.

गोल भिंगाची खोड जुनीच. कडेने शिरलेले किरण मधल्या किरणांपेक्षा अलीकडेच एकत्र येतात आणि प्रतिमा धूसर होते. बगदादच्या इब्न सहलने ९८४ च्या सुमारास भिंगाला अपास्ताचा, म्हणजे हायपरबोलाचा, बाक दिला तर समांतर किरण एकाच बिंदूत मिळतात हे दाखवले होते. १६३७ मध्ये फ्रेंच तत्त्वज्ञ-गणिती देकार्तनेही असे बाक गणिताने मांडले; त्याआधीच फेरिए नावाच्या कारागिराला हाताशी धरून ते घासण्याचे यंत्र करू पाहिले होते. जमले नाही. उत्तर कागदावरच राहिले.

इथे एक गफलत होते. चष्म्याच्या काचेत वरची खोड फारशी त्रास देत नाही, कारण एका वेळी काचेचा बाहुलीएवढाच भाग वापरात असतो. त्रास होतो तो डोळा फिरवल्यावर. काचेच्या कडेतून तिरके पाहिले की उभ्या आणि आडव्या रेघा एकाच वेळी स्पष्ट दिसत नाहीत. इंग्रज शास्त्रज्ञ वोलॅस्टनने १८०४ मध्ये डोळ्याकडे वाकलेल्या काचा सुचवल्या, त्या याचसाठी. पुढे डॅनिश नेत्रतज्ज्ञ चेर्निंगने हिशोब मांडला की गोल पृष्ठभागांनीच हा दोष घालवायचा तर प्रत्येक नंबराला ठरावीक बाक लागतो. आणि अधिकचा नंबर साधारण +७ च्या पुढे गेला की असा बाक उरतच नाही.

आणि +७ च्या पुढे कोण होते? मोतीबिंदू काढलेली माणसे.

माझी आजी त्यांतलीच. पेठ-सुरगाण्याकडून गाडीत बसून शिबिराला आलेली म्हातारी माणसे आणि ती एकाच रांगेत बसलेली, असे ती सांगे. तेव्हा मोतीबिंदू ‘पिकला’ की डोळ्यातले भिंग काढून टाकत आणि त्याची भरपाई +१० ते +१२ च्या जाड काचेने करत. तिचे डोळे काचेमागे केवढे तरी मोठे दिसायचे, पण तिलाही जग सुमारे पाव पटीने मोठे दिसत होते, हे मला फार उशिरा कळले. दाराची चौकट मधोमध आत दबलेली. काचेच्या कडेला काहीच न दिसणारे एक कडे, आणि त्यातून माणूस अचानक उगवायचा. रामकुंडाच्या पायऱ्या ती काठीने चाचपून उतरायची, ते वयामुळेच नव्हे.

या रुग्णांसाठी पहिला गंभीर प्रयत्न विसाव्या शतकाच्या सुरुवातीला झाला. स्वीडनचे नेत्रतज्ज्ञ गुलस्ट्रँड (१९११ चे नोबेल मानकरी) यांच्या सूचनेवरून झाइस या जर्मन भिंग कंपनीच्या मोरिट्झ फॉन रोर यांनी ‘कात्राल’ ही एस्फेरिक काच रचली. पण काचेत असा बाक घासून आणणे म्हणजे महागडे काम. खरी वाट मोकळी केली सीआर-३९ या प्लॅस्टिकने, ज्याचे चष्मे १९४७ पासून निघू लागले. साचा एकदा नीट बनवायचा, मग त्यात ओतून हव्या तेवढ्या काचा काढायच्या. जे देकार्तच्या यंत्राला साधले नाही ते साच्याने साधले.

१९८० च्या सुमारास ब्रिटिश चष्मातज्ज्ञ मो जॅली यांनी हा बाक साध्या नंबरांकडे वळवला. काच आधी चपटी करायची, म्हणजे ती पातळ होते आणि डोळे बटबटीत दिसत नाहीत; चपटेपणामुळे कडेची नजर बिघडते, ती एस्फेरिक बाकाने सावरायची. म्हणजे दुकानातली ‘एस्फेरिक’ मुख्यतः रूपासाठी आहे. −१ चा नंबर असलेल्याने तिच्यासाठी जास्तीचे पैसे मोजावेत असे मला वाटत नाही.

डोळ्याच्या आत मात्र जुनी खोडच महत्त्वाची ठरली. हॅरल्ड रिडली यांनी १९४९ मध्ये लंडनला पहिले कृत्रिम भिंग बसवले. आपल्याकडे ते सामान्यांच्या आवाक्यात आले ते मदुराईच्या ऑरोलॅबने १९९२ पासून स्वस्त भिंगे बनवल्यामुळे. १९९४ ला सुरू झालेल्या जागतिक बँकेच्या मोतीबिंदू प्रकल्पातल्या सात राज्यांत महाराष्ट्रही होता. जाड चष्मा गेला. पण हे भिंगही गोलच! कॉर्नियाचा थोडा धन दोष (कडेचे किरण अलीकडे मिळण्याची तीच खोड) तरुणपणी नैसर्गिक भिंग ऋण, म्हणजे उलट्या, दोषाने फेडते. गोल कृत्रिम भिंग त्यात भरच घालते. म्हणून सरासरी कॉर्निया मोजून −०.२७ मायक्रॉन एवढा ऋण दोष मुद्दाम ठेवलेले एस्फेरिक भिंग आले, आणि २००४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधे-उपकरणे तपासणाऱ्या सरकारी संस्थेने, रात्री गाडी चालवण्याच्या सिम्युलेटर चाचणीच्या आधारे त्याने नजर सुधारते हा दावा मान्य केला. लॅसिकचीही (लेझरने कॉर्निया घडवून नंबर घालवण्याची शस्त्रक्रिया) गत तीच झाली : सुरुवातीच्या पद्धतीत नंबर जायचा, पण कॉर्नियाचा मूळचा बाक उलटा व्हायचा (मधे चपटा, कडेला जास्त वाकलेला), आणि कसारा घाटात समोरच्या दिव्याभोवती वलये दिसायची.

आता दवाखान्यातल्या पॅकेजच्या कागदावर −०.२७, −०.२० किंवा शून्य दोषाचे भिंग असे पर्याय असतात. ऋण दोषाचे भिंग जागेवरून जरा सरकले तर फायदा घटतो, अशा वेळी शून्यवालेच बरे पडते. शिवाय उतारवयात बाहुली बारीक झालेली असते, तेव्हा दिवसाउजेडी फरक जेमतेमच कळतो.